खालची अक्षरं

धाकट्याला तो नट आवडायला लागला, तो त्याच्या तोंडामुळे.

धाकटा जन्मापासून बहिरा. लहानपणी टीव्हीवर जो कोणी बोलत असेल त्याच्या ओठांकडे तो टक लावून बघत बसायचा, आणि बहुतेकांचे ओठ म्हणजे त्याला नुसती वळवळ वाटायची. हॉलिवूडचा हा एकच माणूस असा, की त्याला फारसं बोलावंच लागायचं नाही. भुवई, हनुवटी आणि गालाच्या मागचा तो एक स्नायू, एवढ्यावर त्याचं निम्मं काम उरकायचं. पुढे धाकटा दातांच्या लॅबमध्ये कामाला लागला. दिवसभर प्लास्टरचे जबडे हातात घेऊन मेणात दात बसवायचे, कवळ्या घासून गुळगुळीत करायच्या. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण त्या नटाचा जबडाच बघत आलोय.

सिनेमाची गोष्ट त्याला सांगायची ती ताई, त्याची मोठी बहीण. तेव्हा पडद्यावर बोलणं लिहून दाखवणारी खालची अक्षरं नसायची. ताई त्याच्यासमोर पाय दुमडून बसायची आणि टीव्हीकडे एक डोळा ठेवून दोन्ही हातांनी भराभर सांगत सुटायची. आई-वडिलांना खुणांची भाषा कधी धड जमली नाही. ताईला जमली. त्यामुळे दवाखान्यात, शाळेत, दुकानात, जिथे म्हणून धाकट्याला काही बोलायचं असेल तिथे ताई. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली, तरी त्यात काही फरक पडला नाही. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर बसायची. रडणाऱ्या, ओरडणाऱ्या, अंगावर धावून येणाऱ्या माणसाला दोन गोड शब्दांत खुर्चीवर बसवणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं हॉस्पिटलात कोणी नव्हतं.

तो लाडका नट थकला. यापुढे काम करणार नाही, असं त्याने जाहीर केलं आणि गावोगावच्या चाहत्यांना हुंदके फुटले. धाकट्याच्या शहरातल्या फिल्म क्लबने त्याच्या सिनेमांचा आठवडा ठरवला. रोज संध्याकाळी एका चाहत्याने आपला आवडता सिनेमा निवडायचा, सुरुवातीला त्याबद्दल चार शब्द बोलायचे आणि मग सिनेमा. धाकट्याने क्लबला ईमेल लिहिली. चांगली लांबलचक.

त्यात त्याने लिहिलं, की लोकांना हा नट गोड म्हणून आवडतो. नातवाला खांद्यावर बसवणारा आजोबा, पियानो उचलून लोकांच्या जिन्यांवरून चढवणारा हमाल, बुडत्या फेरीबोटीचा कप्तान. मलाही आवडतात. कप्तानाचा सिनेमा तर मी कितीदा पाहिला याची गणती नाही. पण माझा सगळ्यात आवडता सिनेमा वेगळाच आहे आणि तो चालला नव्हता. त्यात तो खाणीतला फोरमन आहे. छत खचेल असं त्याने मालकांना आधीच सांगितलेलं असतं, कोणी ऐकत नाही, माणसं गाडली जातात. मग तो एकेका साहेबाच्या दारात जातो. सिनेमाभर तो रागावलेला आहे, एकदाही शांत होत नाही, आणि शेवटी कोणी त्याची समजूत काढत नाही. मला हे फार आवडतं, असं धाकट्याने लिहिलं. अशा माणसाला सिनेमावाले बहुतेक वेळा शेवटी रडवतात आणि मिठी मारायला लावतात.

क्लबच्या सेक्रेटरींचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. निवड त्यांना पसंत होती. धाकटा बहिरा आहे, त्याचं बोलणं त्याची बहीण सांगेल, हे ताईने त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, वा, उत्तमच. धाकट्याने लिहून विचारलं, खाली अक्षरं असतील ना? त्यांनी लिहिलं, अर्थातच.

मग धाकट्याने शाळेतल्या सगळ्या मित्रमंडळींना गोळा केलं. बहिऱ्या मुलांच्या शाळेतली ती जुनी टोळी. गाड्या रंगवणारा एक, शिवणकाम करणारी एक, छापखान्यातले दोघे भाऊ, आणखी दोन-तीन जण. शिवणवालीने मुलांना शेजारणीकडे सोपवलं. छापखान्यातल्या भावांनी पाळी बदलून घेतली. सगळी जण ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत येऊन बसली. धाकट्याने नवीन शर्ट घातला होता, त्याची घडीची रेघही अजून मोडली नव्हती.

पडद्यावर तपासणीसाठी सिनेमाचा एक तुकडा चालू होता. फोरमन मालकाच्या टेबलापाशी उभा होता आणि मालक बोलत होता. खाली काहीच नव्हतं. धाकट्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग ताईला कोपराने ढोसलं.

"विचार. अक्षरं कुठायत?"

सेक्रेटरी उंच, पांढऱ्या मिशांचे, हसतमुख गृहस्थ होते. त्यांनी ताईचं ऐकून घेतलं, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलले. ताईने ते हातांनी सांगितलं, जरा अडखळत.

"म्हणतायत, काही सभासदांची तक्रार आहे. खाली अक्षरं आली की डोळे तिकडेच जातात, दृश्य बिघडतं. आणि म्हणाले, तुम्हाला तर हा सिनेमा पाठच असेल."

धाकट्याने हात उचलला आणि पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं.

"त्यांना पाठ आहे का?"

सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. हॉल भरला होता. त्यांनी धाकट्याच्या पाठीवर थोपटलं आणि त्याला स्टेजच्या पायऱ्यांकडे जवळजवळ ढकललंच.

धाकट्याने भाषण तयार करून आणलं होतं, जबड्याच्या त्या स्नायूबद्दल, फोरमनच्या चालण्याबद्दल. त्यातलं तो काहीच बोलला नाही. दिव्याच्या झोतात उभं राहून त्याने मोठ्या, मोकळ्या हातांनी सुरुवात केली. ताई शेजारी माईक घेऊन उभी होती.

"मला सांगितलं होतं की अक्षरं असतील. म्हणून मी माझ्या माणसांना बोलावलं. आता म्हणतात अक्षरांनी दृश्य बिघडतं. ज्याचं कोणी ऐकून घेत नाही अशा माणसाचा हा सिनेमा आहे, आणि तो तुम्ही आम्हाला न ऐकवता दाखवणार आहात. तुम्हाला लाज वाटायला हवी."

पहिली रांग उसळली. गाड्या रंगवणाऱ्याने दोन्ही हात वर करून हलवले, ती त्यांची टाळी. शिवणवालीचा चेहरा लाल झाला होता. पण त्यांच्या मागच्या रांगा हसत होत्या. छान, मायेने हसत होत्या. एक बाई डोळे टिपत होत्या. आणि मग अख्खा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

धाकट्याला क्षणभर काही उमगेना. लाज वाटायला हवी म्हटल्यावर कोण टाळ्या वाजवतं? तो वळला आणि त्याने ताईच्या तोंडाकडे पाहिलं. जगातलं कोणतंही तोंड त्याला वाचता आलं नाही तरी ते यायचं.

"...या सिनेमाने त्याला जगायची उमेद दिली," ताईचे ओठ सांगत होते. "आपण त्याच्यासारख्याला इथे बोलावलंत, याबद्दल तो आपला सगळ्यांचा मनापासून ऋणी आहे."

धाकट्याने तिच्या हातातून माईक ओढून घेतला. तो आवाजाने बोलायचा नाही. शाळेत बाईंनी गळ्यावर हात ठेवून ठेवून शिकवलं होतं, पण रस्त्यावरची पोरं नक्कल करायला लागली तेव्हा त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. आता त्याने माईक ओठाला लावला आणि बोलला.

"अक्षरं."

तो शब्द कसा बाहेर पडला ते त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं. लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. हसू पुसलं गेलं, नजरा खाली गेल्या. "अक्षरं लावा," तो पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा. सेक्रेटरी पुढे आले, त्यांनी अलगद माईक काढून घेतला, गुच्छ त्याच्या हातात दिला आणि लोकांना काहीतरी सांगितलं. भावना अनावर झाल्या, असंच काहीतरी असणार. दिवे मालवले. सिनेमा सुरू झाला. मालक बोलत होता, फोरमन बोलत होता, खाली काळं रिकामं.

धाकट्याने गुच्छ स्टेजवरच ठेवला. पहिली रांग उठली आणि पडद्यासमोरून, आपल्या मोठमोठ्या सावल्या फोरमनच्या अंगावर पाडत, बाहेर निघून गेली.

बाहेर फुटपाथवर ताई त्यांच्या मागे धावत आली. मित्रमंडळी जरा लांब उभी राहिली, पण डोळे काही कोणी मिटले नव्हते, आणि हातांचं भांडण लांबूनही ऐकू येतं.

"तू काय सांगितलंस त्यांना?" धाकट्याने विचारलं.

"तुला तिथून हाकलून दिलं असतं."

"दिलं असतं तर दिलं असतं! मी काय सांगितलं आणि तू काय सांगितलंस?"

"लोक चिडलेल्या माणसाला घाबरतात. त्यातून बहिऱ्याला जास्त. तू ओरडलास तर तुझं म्हणणं बाजूला राहतं आणि तुझे हातवारेच दिसतात. मला माहीत आहे, मी रोज बघते."

"घाबरू देत मग. तू मला भिकारी केलंस! हात जोडून उभं केलंस त्यांच्यासमोर. माझ्या माणसांदेखत!"

"मी तुला सांभाळलं."

"कधीपासून?" धाकट्याने विचारलं. "लहानपणी तू सांगायचीस, कप्तान शेवटी पोहत किनाऱ्याला लागतो. मोठा झाल्यावर अक्षरांसकट पाहिला तर तो बुडून मेलेला. तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, ताई लहान होती, मला रडवायला नको म्हणून केलं. आणि तू अजून तेच करतेयस? मी चाळिशीला आलो, ताई!"

ताईने पर्स खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते.

"मला कोणी विचारलं होतं का, तुझं तोंड व्हायचंय का म्हणून? मी नऊ वर्षांची होते. डॉक्टर आईला म्हणाले, या मुलाला शिकवून काही उपयोग नाही, आणि आईने मला सांगितलं, त्याला सांग डॉक्टर काय म्हणाले. काय सांगायला हवं होतं मी? सांग ना! लोक तुला काय काय बोलतात ते आधी माझ्या कानात येतं. सगळं. तू मोकळा राहिलास. तू खुशाल रागाव. माझा राग ठेवायला मला कुठे जागा होती?"

धाकट्याने तिच्याकडे पाठ फिरवली. बहिऱ्या माणसाशी भांडताना त्याने पाठ फिरवली की संपलं, पुढे काही बोलताच येत नाही. हे दोघांनाही माहीत होतं, आणि आजवर त्याने तिच्याशी कधीच तसं केलं नव्हतं.

पुढचे दिवस त्याने लॅबमध्ये जीव तोडून काम केलं आणि ते बहुतेक बिघडवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीत सुळे उलटे बसवले. लॅबवाल्या डॉक्टरीणबाईंनी ती कवळी त्याच्यासमोर धरली आणि भुवया उंचावल्या. त्याने ती हिसकावून घेतली आणि सगळं मेण खरवडून काढलं. मेण खरवडता खरवडता डोक्यात एकेक प्रसंग येत होता. इथल्या नोकरीच्या वेळी ताई बरोबर आली होती. वडिलांच्या शेवटच्या आजारात तीच सांगत होती ते काय म्हणतायत ते. वडील म्हणाले होते, तू गुणी मुलगा आहेस. म्हणाले होते ना खरंच? की कवळीतल्या खोट्या हिरडीसारखा तोही एक गुलाबी तुकडा बसवलेला?

आणि ती मुलगी. एकदा त्याच्या लग्नाचं ठरत आलं होतं. मुलीला तो आवडला होता, हे त्याला ताईशिवाय कळलं होतं. मग एक दिवस ताईने सांगितलं, मुलीला परगावी नोकरी लागली, तिचे वडील म्हणतात सध्या नको.

त्याने फोन घेतला आणि ताईला लिहिलं, "त्या मुलीचे वडील खरं काय म्हणाले होते?"

उत्तर यायला संध्याकाळ झाली. ती लिहायची, थांबायची, फोनवरचे ते तीन ठिपके उगवायचे आणि मावळायचे. शेवटी आलं, "म्हणाले, उद्या मुलं अशीच निपजली तर आमची पोर काय मुक्यांचा बाजार मांडून बसेल? नोकरीचं मी बनवलं."

धाकटा ते वाचून स्टुलावरून उठला, मोल्डिंगच्या टेबलाला त्याने लाथ मारली आणि पायाचं बोट ठेचून घेतलं. कितीतरी वर्षं उशिरा आलेला राग होता तो, आणि तो माणूस आता बहुधा मेलाही असेल. तरी तो धाकट्याचा राग होता. कोणी धुऊन, इस्त्री करून दिलेला नव्हता. त्याने लिहिलं, "शनिवारी क्लबच्या ऑफिसात जायचंय. येणार असशील तर ये. पण मी सांगेन तेच बोलायचं."

ताई आली. हॉस्पिटलच्या साडीतच आली होती. दोघं एकमेकांकडे न बघता जिना चढले.

सेक्रेटरी कोणत्यातरी पत्रिकेची मुद्रितं तपासत होते. त्यांनी खुर्च्या दाखवल्या. धाकटा बसला नाही.

"त्यांना सांग, त्यांनी मला लेखी शब्द दिला आणि तो मोडला."

ताईने सांगितलं. धाकटा सेक्रेटरींकडे बघतच नव्हता. तो ताईच्या ओठांकडे बघत होता.

"सांग, मला पाठ असेल हे त्यांचं बोलणं उद्धटपणाचं होतं. तुमच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी अक्कल आलेली दिसत नाही."

ताईच्या मानेवर लाली चढली. पण ती बोलली, मिशांसकट बोलली. सेक्रेटरींचा हात आपोआप मिशीकडे गेला.

"सांग, त्या दिवशी माझ्या बहिणीने तुम्हाला जे सांगितलं त्यातला एक शब्दही माझा नव्हता. सांग, माझी बहीण भित्री आहे."

ताई थांबली. तिने धाकट्याकडे पाहिलं. तो हलला नाही. मग ती सेक्रेटरींकडे वळली आणि स्वच्छ, सावकाश म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला जे सांगितलं त्यातला एकही शब्द माझ्या भावाचा नव्हता. तो म्हणतो, माझी बहीण भित्री आहे."

सेक्रेटरी गडबडले. "अहो ताई, असं काय..." असं ते म्हणाले, आणि ताईने तेही जसंच्या तसं हातांनी सांगितलं. मग त्यांचा पारा चढला. क्लब काय धर्मशाळा आहे का, सगळ्यांची सोय बघत बसलो तर कार्यक्रम करायचे कधी, सभासद वर्गणी भरतात. ताईने एकही शब्द गाळला नाही. 'धर्मशाळा'ला तिने जी खूण केली ती इतकी जळजळीत होती, की धाकट्याला वाटलं आपण त्यांचा आवाजच ऐकला. कोणीतरी आपल्याशी खरोखर भांडतंय, हे त्याला बऱ्याच दिवसांनी अनुभवायला मिळत होतं. त्याने भांडण पुरेपूर केलं. टेबलावर मूठही आपटली, आणि तिचा आवाज ताईला सांगावा लागला नाही.

शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. उद्याच्या शेवटच्या खेळाला लावतो अक्षरं. झालं समाधान?"

"नाही," धाकट्याने सांगितलं.

"नाही," ताई म्हणाली.

रविवारी शेवटचा खेळ फेरीबोटीच्या कप्तानाचा होता. एका कॉलेजच्या मुलीने तो निवडला होता. पहिली रांग पुन्हा भरली, शिवणवालीने या वेळी मुलंही आणली होती. मागून कोणीतरी कुरकुरलं, दोघंतिघं मागे सरकून बसले. सिनेमा सुरू झाला आणि खाली अक्षरं आली.

उशिरा आली. कप्तानाची मुलगी रुसून निघून जायची, दार आपटायची, समुद्र दिसायला लागायचा, आणि मग तिचं बोलणं मोकळ्या समुद्रावर उगवायचं. कप्तान गंभीर चेहऱ्याने बंदर अधिकाऱ्यासमोर उभा होता आणि खाली लिहून येत होतं, "बाबा, मला चप्पल घ्या." छापखान्यातले भाऊ हसून एकमेकांच्या अंगावर पडले. धाकटा हसला नाही. तो उठला आणि मागच्या जिन्याने प्रोजेक्टरच्या खोलीकडे निघाला. ताई त्याच्या पाठोपाठ होती.

खोलीत एक ऑपरेटर कॉम्प्युटरसमोर पाय पसरून मोबाईल बघत बसला होता.

"सांग, अक्षरं मागे पडतायत. जुळवून दे."

ताईने सांगितलं. ऑपरेटरने मान न उचलताच उत्तर दिलं. ताईने ते हातांनी सांगितलं. "म्हणतोय, लावा म्हणाले, लावली. थोडं इकडेतिकडे चालायचंच. फुकटच्या सोयीला किती ते नखरे."

धाकटा हात उचलणार, तोच ताई बोलायला लागली. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचे ओठ इतके भरभर चालत होते, की धाकट्याला सगळे पकडता येईनात. जेवढे पकडता आले तेवढे असे होते: "तिकीट काढून बसलोय... ऊठ आधी... पाय खाली घे... बोलणं पोचवणं म्हणजे काय खेळ वाटतो का तुला... जन्म गेला माझा त्यात... अर्धा शब्द इकडचा तिकडे झाला की माणसाचं काय होतं ते..."

ऑपरेटरने पाय खाली घेतले. मोबाईल उलटा ठेवला. तो कळफलकावर वाकला, काहीतरी दाबलं, खिडकीतून पडद्याकडे पाहिलं, पुन्हा दाबलं. ताई कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभी होती. तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या.

धाकट्याने तिच्या खांद्यावर टकटक केलं.

"मी हे म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे," ताईने सांगितलं. "हे माझं होतं."

खिडकीच्या चौकोनी काचेतून पडदा लहानसा दिसत होता. कप्तानाचा जबडा घट्ट झाला, गालामागचा स्नायू एकदा उडाला, तो बोलला, आणि त्याच क्षणी खाली अक्षरं उमटली. पहिल्या रांगेतून दोन हात वर आले आणि हलले. धाकट्याने ऑपरेटरला थांब अशी खूण केली, आणखी काही वाक्यं जाऊ दिली, सगळी नीट जुळतायत ना ते पाहिलं, मगच मान डोलावली.

जिना उतरताना तो पुन्हा रागावला, कारण एवढ्या वेळात बंदरातला तो अख्खा प्रसंग निघून गेला होता आणि त्या सिनेमात त्याला तोच सगळ्यात जास्त आवडायचा. काय हुकलं ते त्याने ताईला अंधाऱ्या जिन्यात सांगायचा प्रयत्न केला. तिला हात दिसत नव्हते. तिने त्याचा दंड धरला आणि त्याला दाराच्या उजेडापर्यंत ओढत नेलं.

"आता सांग," ती म्हणाली.